मागच्याची किल्ली

मंगळवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी नकाशेवाल्यांचा फोन आला. "आज आहे," एवढंच ते म्हणाले आणि फोन बंद झाला. रोजच्यासारखंच. मी चहाचं पातेलं गॅसवरून उतरवत होतो, ते तसंच हातात धरून उभा राहिलो. नकाशेवाल्यांचे दात माझ्याकडे होते. आदल्या संध्याकाळी ते स्वतः माझ्या कामाच्या जागी येऊन, रुमालात गुंडाळलेल्या दोन्ही कवळ्या टेबलावर ठेवून गेले होते. वरची मधोमध चिरली होती आणि खालची धड असली तरी सैल झाली होती. "गुरुवारी या," मी म्हटलं होतं. "तोवर पातळसातळ पिऊन राहीन, एवीतेवी चावण्यासारखं आयुष्यात उरलंय काय," असं ते बोळक्या तोंडानं हसत म्हणाले होते. आणि बोळक्या तोंडाच्या माणसाला 'आज' नीट म्हणता येत नाही. त्यातला 'ज' ओठांतून निसटतो, फुसकन हवा होऊन बाहेर पडतो. तीस वर्षं मी कवळ्या बनवतो आहे. दात नसलेल्या माणसांचं बोलणं मला इतकं कळतं की कधीकधी दातांचे डॉक्टरच मागाहून फोन करून विचारतात, काय म्हणत होते हो ते आजोबा? त्या सकाळचा 'ज' मात्र खणखणीत होता, अख्ख्या बत्तीशीचा. चहा सांडून पायावर आला तेव्हा मी भानावर आलो. जुनी जोडी असेल घरात, ती घातली असेल, असं म्हणून पाय पुसला आणि ठरल्याप्रमाणे शिवणवाल्या ताईंना फोन लावला. "आज आहे," मी म्हणालो. माझे सगळे दात अजून माझेच आहेत.

हा काय प्रकार, ते सांगायला हवं. आम्ही बाराजण होतो, म्हणजे सुरुवातीला बारा. देव न मानणं ही एकच गोष्ट आमच्यात सारखी, आणि जे नाही त्याच्यावर माणसं बोलून बोलून किती बोलणार? पहिले दोन-तीन रविवार आम्ही देव नाही हे एकमेकांना पटवून दिलं. ते सगळ्यांना आधीच पटलेलं असल्यामुळे अर्ध्या तासात विषय आटोपायचा आणि पुढे सगळे घड्याळाकडे बघत बसायचे. वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लागली होती, 'ज्यांना रविवारी सकाळी कुठेच जायचं नसतं, त्यांच्यासाठी', तेवढं एक वाक्य वाचून आम्ही जमलो होतो. खोली मिळाली ती पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर. खालच्या पाण्याचा औषधी वास जिन्यानं वर यायचा आणि उजेड छतावर हलत राहायचा, त्यामुळे आपण तळाशी बसलो आहोत असं वाटायचं. खुर्च्या ओळीत मांडल्या तर प्रार्थनेला बसल्यासारखं होई, गोल मांडल्या तर आत्मे बोलवायला बसल्यासारखं. शेवटी भिंतीला पाठ लावून बसलो, दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसतात तसे. चौथ्या की पाचव्या रविवारी शिवणवाल्या ताई बोलल्या. नाटकांचे पोशाख शिवण्यात त्यांची उमर गेली, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे एकेक शब्द मोजून. "प्रार्थनेला जाणाऱ्यांचं एक बरं असतं," त्या म्हणाल्या. "एका रविवारी जागा रिकामी दिसली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात उभं. माझ्या शेजारणीचं अकरा दिवस कळलं नव्हतं. आपली रिकामी जागा कोण बघणार?" छतावरचा उजेड हलत होता. सगळे एकटे राहणारे, सगळ्यांनी खाली पाहिलं. मग नकाशेवाल्यांनी खिशातून पेन काढलं. पाणीखात्यात चाळीस वर्षं त्यांनी जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले होते, कुठलं पाणी कुठून कुठे जातं हाच त्यांचा धंदा. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं, त्यावर बारा टिंबं. प्रत्येकानं रोज सकाळी आपल्या पुढच्याला फोन करायचा, 'आज आहे' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. ऐकणाऱ्यानं बोलायचं नाही, नाहीतर बारा माणसांच्या गप्पांत दुपार व्हायची. प्रत्येकाकडे आपल्या मागच्याच्या घराची किल्ली. शब्द आला की माणूस आहे. शब्द नाही आला, तर किल्ली घेऊन जायचं. भूगोलाच्या बाई नकाशेवाल्यांच्या मागच्या, नकाशेवाले माझ्या मागचे, मी शिवणवाल्या ताईंच्या मागचा. त्या रविवारी जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं की मी शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरलो, या वयात.

देव सोडणं मला सोपं गेलं होतं. जड गेला तो रविवार. विसाव्या वर्षी मी घरात सांगितलं की मला हे खरं वाटत नाही, मी रविवारच्या प्रार्थनेला येणार नाही. आई म्हणाली, "नको येऊस, पण बाहेर कुणाला सांगू नकोस." मी सांगितलं. तरुण माणसाला खरं बोलल्याचा भारी माज असतो. त्यानंतर प्रार्थना सुटल्यावर पायऱ्यांवर रेंगाळणारी ती माणसं, माझा कान पिरगाळणारे काका लोक, 'किती वाळलास रे' म्हणणाऱ्या मावश्या, सगळं एका आठवड्यात बंद झालं. कुणी वाईट वागलं नाही, रस्त्यात भेटले तर हसत. फक्त माझं वाळणं-सुटणं कुणाच्या नजरेत येईनासं झालं. पुढे बायको मिळाली तीही माझ्यासारखीच, आम्हा दोघांना दोघं पुरेसे होतो, आणि हा हिशेब एक जण कमी झाल्यावर कसा होतो ते मला ती गेल्यावर कळलं. तिला पोचवायला चारच माणसं होती आणि त्यातले दोघे गाडीचे. त्यानंतरची तीन वर्षं मी प्लास्टरच्या तोंडांमध्ये काढली. माझ्या कामाच्या जागी भिंतभर फळ्या आहेत, त्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे, प्रत्येकावर नंबर. सगळी तोंडं उघडी आणि एकातूनही आवाज नाही. संध्याकाळी दिवे मालवताना मी त्यांना 'येतो' म्हणू लागलो होतो. म्हणून सात-पाचचा तो फोन माझ्यासाठी काय होता, हे ज्याला रोज कुणीतरी हाक मारतं त्याला कळायचं नाही.

आता बारामधला एक कमी कसा झाला ते. आमच्यात एक छपाईवाला होता, ताईंच्या पुढचा, त्यांची किल्ली त्याच्याकडे. एका सकाळी ताईंचा फोन आला, शब्द आला, पण छपाईवाल्याला आवाज रडका वाटला. तो किल्ली घेऊन गेला आणि दार उघडून आत शिरला. ताई केस मोकळे सोडून पलंगावर बसलेल्या, खरोखरच रडत होत्या. पुढच्या रविवारी त्या उभ्या राहिल्या. "माझा शब्द आला होता ना? मग? शब्द आल्यावरही कुणी दार उघडणार असेल तर मी किल्ली कुणाला देऊ?" छपाईवाला म्हणाला, मला शंका आली. कुणी त्याला जा म्हटलं नाही. आम्ही काय कुणाला वाळीत टाकणारे लोक आहोत? नकाशेवाल्यांनी फक्त नवा कागद घेतला आणि वर्तुळ पुन्हा काढलं, अकरा टिंबांचं. मी त्या वेळी मान डोलावली होती. दोन महिन्यांनी छपाईवाला मला बसथांब्यावर दिसला. हाताला बँडेज होतं. कसलं, ते विचारायला मी पुढे होणार होतो, पण बस आली आणि मी चढलो. माझी बस नव्हती ती.

बुधवारी मी पावणेसातपासून फोन हातात घेऊन बसलो. सात-पाचला वाजला. आधी एक बारीकशी टकटक, मग श्वास आत घेतल्याचा आवाज, मग "आज आहे". कालचाच श्वास. कालसारखा नव्हे, कालचाच. माणूस दोनदा एकसारखा श्वास घेत नाही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. कामावर जाऊन मी त्यांची वरची कवळी हातात घेतली. चीर कानशीनं रुंद केली, गुलाबी मसाला भरला, घासून चकचकीत केली. हात काम करत राहिले, नेहमीप्रमाणे. नंतर उगाच त्यांचं कार्ड काढून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी नवी जोडी करताना जुनी मी मापासाठी ठेवून घेतली होती, ती वरच्या फळीवर नंबर लावून होतीच. म्हणजे नकाशेवाल्यांच्या घरात त्यांचा असा एकही दात नव्हता. तरी सकाळी कुणीतरी त्यांच्या आवाजात, भरल्या तोंडानं, मला 'आज आहे' म्हणालं होतं. भूत मानणारा माणूस अशा वेळी निदान रामराम म्हणून मोकळा होतो. न मानणाऱ्याला भुताचाही आधार नसतो. मी भिंतीवरच्या तोंडांकडे पाठ करून बसलो आणि मग पाठीलाच ती जाणवू लागली, तेव्हा खुर्ची फिरवली.

किल्ली माझ्या जुडग्यात होती. त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या. एक फोन करता आला असता, पण उलट फोन करणं म्हणजेच विचारणं, आणि विचारणं म्हणजे मी तुमचा शब्द धरला नाही असं सांगणं. छपाईवाल्यानंही तेवढंच केलं होतं. मला खोटं बोलायचं नाही. मी घाबरलो ते त्या आवाजाला कमी आणि नव्या कागदाला जास्त. दहा टिंबांचं वर्तुळ मला डोळ्यांसमोर दिसत होतं. एकदा शंका काढली तर अख्खा गोतावळा गेला होता. पन्नाशी उलटल्यावर नशिबानं दुसरा मिळाला, तो पुन्हा शंकेपायी घालवायचा नव्हता. एवढा एक शब्द तरी मी डोळे मिटून धरणार होतो. संध्याकाळी घरी जाताना मी वाकडी वाट करून त्यांच्या खिडकीखाली उभा राहिलो. दिवा लागलेला होता. दिवा आहे म्हणजे लावणारा आहे, मी स्वतःला म्हणालो. प्रार्थनेतले म्हातारे अशीच उदाहरणं द्यायचे, आणि मी त्यांना हसायचो. तो दिवा दोन दिवस अखंड जळत असेल, सोमवारपासून कुणी मालवलाच नसेल, हे माझ्या मनात आलंच नाही असं म्हणायला मला आवडेल. आलं. मग मी घरी जाऊन जेवलो. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवारी सकाळी दुरुस्त केलेल्या कवळ्या डबीत घालून मी निघालो. शब्दाची शंका नको, मी आपला दात द्यायला आलो, एवढं म्हणता आलं असतं. पावणेसात वाजले होते. घंटा वाजवली, तीनदा वाजवली. मग किल्ली लावली. आत दिवा चालूच होता आणि दिवसाच्या उजेडात तो आजारी दिसत होता. वास आला. नकाशेवाले न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवे पडले होते, अर्धे आत, अर्धे बाहेर, डावी बाजू अंगाखाली मुडपलेली. ते गेले असं मी धरून चाललो होतो, आणि त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले तेव्हा मी ओरडलो. उजव्या हाताशी बादली होती. तिच्यात एक टॉवेल बुडवून ते चोखत असावेत, टॉवेलचं टोक अजून ओठांशी होतं. मी वाटीनं पाणी पाजलं, अर्धं गळ्यावरून गेलं. रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता सांगितला. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. आणि तेव्हा खोलीत फोन वाजला.

तो पुस्तकांच्या कपाटात, सगळ्यात वरच्या खणात, चार्जरच्या तारेला लावून ठेवलेला होता. दोनदा वाजला आणि आपणच उचलला गेला. "आज आहे," भूगोलाच्या बाई खोलीभर म्हणाल्या, आणि खट. मी नकाशेवाल्यांकडे पाहिलं. ते वर बघत होते, कपाटाकडे, आता काय होणार हे पाठ असलेल्या माणसासारखे. बादलीत थेंब पडत होता. मग माझ्याच खिशात माझा फोन वाजला. मी तो काढला, कानाला लावला, का लावला कोण जाणे. बारीक टकटक झाली, श्वास आत घेतला गेला, आणि वरच्या खणातून आणि माझ्या कानातून एकाच वेळी त्यांचा तो ठणठणीत, दातांचा आवाज आला, की आज आहे. खाली जमिनीवर ते ओठ हलवत होते, आवाजाच्या जोडीनं. मला रडू फुटलं. सकाळी उठवत नाही म्हणून त्यांनी चार महिन्यांपूर्वी आपला आवाज फोनमध्ये भरून ही सोय करून ठेवली होती, हे मागाहून कळलं. नळाचं पाणी इकडून तिकडे नेणाऱ्याला यात कसली अडचण? सोमवारी संध्याकाळी माझ्याकडून घरी आले, हात धुवायला गेले आणि कोसळले. तीन सकाळी त्यांनी जमिनीवरून स्वतःला जिवंत असल्याचं सांगताना ऐकलं.

पुढचे तीन दिवस मला फार माणसं मिळाली. हे असंच म्हणायला हवं. एका शब्दाचा नियम कुणी पाळला नाही. सकाळी फोन येत, झोप लागली का, खाल्लं का. भूगोलाच्या बाईंनी डबा पाठवला. माझ्या घरात, जिथे वर्षभरात मीटर बघणाऱ्याखेरीज कुणी आलं नव्हतं, तिथे नऊजण येऊन बसून गेले, दोघांना तर खुर्च्या पुरल्या नाहीत. आणि सगळे एकच विचारत. "पण शब्द आला होता ना?" शिवणवाल्या ताईंनीही विचारलं. "शब्द आला तरी तुम्ही गेलात. कसं कळलं तुम्हाला?" मंगळवारचा 'ज' माझ्या जिभेवर होता. "आतून वाटलं," मी म्हणालो. हे दोन शब्द मी लहानपणी पायऱ्यांवर हजारदा ऐकले होते आणि ऐकले की मला तिडीक यायची. त्यावर आमच्यातलं कुणीतरी हसेल असं मला वाटलं, निदान एक तरी. कुणी हसलं नाही. ताईंचे डोळे भरून आले. "छपाईवाल्याच्या बाबतीत आपण चुकलोच," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली, आणि पुन्हा बरं वाटलं.

रविवारी आम्ही तलावावर न जाता इस्पितळात जमलो. नकाशेवाल्यांचा चेहरा एका बाजूनं ओघळला होता. कवळी घालायला नर्सनं मनाई केली होती, घशात जाईल म्हणून. ते सकाळपासून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते आणि नर्सला, डॉक्टरला, कुणाला अक्षर लागत नव्हतं. "तुम्ही बघा हो," भूगोलाच्या बाई मला पुढे ढकलत म्हणाल्या, "तुमची सवय आहे." पलंगाभोवती सगळे उभे राहिले, दाटीवाटीनं, गोल करून. आता खुर्च्यांचा वाद कुणाला आठवत नव्हता. मी वाकलो. त्यांच्या तोंडाला औषधाचा वास होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलले. ओठ, हवा, थुंकी. दुसऱ्या कुणाला तो नुसता भाता वाटला असता. मला एकेक अक्षर कळलं. आजवर आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत आलो होतो. ते म्हणाले, "मला वाटलं, तू मंगळवारीच येशील. दात तुझ्याकडे होते. दुसऱ्या कुणाला नाही, तुला कळणारच होतं. मी तुझीच वाट बघत होतो."

रागानं नव्हते बोलत. विचारत होते. मी त्यांच्या उशीकडे बघत राहिलो. तीन सकाळी, तो आवाज वर वाजल्यावर, हा माणूस दाराकडे कान लावून पडला होता. आता येईल, त्याला कळलं असेल, आता येईल. देवाला हाक न मारणाऱ्या माणसानं तेवढा वेळ माझ्यावर भरवसा ठेवला होता, आणि मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या. माझ्या मागे सगळे श्वास रोखून उभे होते. कुणाचा तरी हात माझ्या पाठीवर होता.

"काय म्हणाले?" शिवणवाल्या ताईंनी विचारलं.

मी सरळ झालो. "वेळेवर आलास, म्हणतात," मी म्हणालो.

भूगोलाच्या बाईंना हुंदका आवरला नाही. कुणीतरी 'अरे' म्हणून नाक पुसलं. नकाशेवाल्यांना ऐकू सगळं येत होतं. त्यांनी माझ्यावरची नजर काढली, आणि भोवतीच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, सावकाश, नकाशावर बोट फिरवावं तसं. मग पुन्हा बोलले. या वेळी मोठ्यानं, त्यांच्याकडे बघत, सगळा जीव त्या चार वाक्यांत ओतून, घामाघूम होईपर्यंत. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता काय म्हणतात?"

"तेच," मी म्हणालो. "पुन्हा तेच म्हणतात."

ताईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. सुईनं घट्टे पडलेले, गरम हात. मी सोडवून घेतला नाही.